जनरल मॅनेजर, खवा विभाग

वैष्णवीला उन्हाळी प्रकल्पासाठी कंपनी मिळेना, तिथून हे सगळं सुरू झालं.

धाराशिवच्या बाहेर माळावर बालाघाट विद्यापीठाची इमारत आहे. तिथल्या व्यवस्थापनशास्त्र विभागात ती एमबीएच्या पहिल्या वर्षाला होती. बी.कॉम. झाल्यावर ईटला त्यांच्या घरी तीन दिवस खल चालला होता. वडील म्हणत होते बी.एड. कर, मामा म्हणत होते भरतीची तयारी कर. वैष्णवीनं विभागाचं माहितीपत्रक मागवलं आणि त्याच्या शेवटच्या पानावर तिचा जीव जडला. तिथं 'करिअरच्या संधी' असं लिहून खाली बँका, विमा, रुग्णालयं, हॉटेलं, विमानतळ अशी लांबलचक यादी होती आणि यादीच्या टोकाला 'इत्यादी' होतं. एवढं सांगून वर आणखी उरतंच आहे, म्हणजे आपल्यापुरतं काहीतरी निघेलच, असा तिनं हिशेब केला आणि प्रवेश घेतला.

पहिलं वर्ष संपलं की पंचेचाळीस दिवस एखाद्या उद्योगात राहून अहवाल लिहायचा, असा विभागाचा नियम होता. ज्यांचे मामे-मावसे पुण्यात होते ते पुण्याला गेले. वैष्णवीनं नऊ कंपन्यांना अर्ज पाठवले. आठांकडून काही आलं नाही आणि नवव्या कंपनीनं तिला चुकून निवृत्तीच्या शुभेच्छा पाठवल्या. कंपनीचं संमतीपत्र जमा करायला चार दिवस उरले, तेव्हा ती ईटला परत आली आणि थेट मोठ्या आईच्या खव्याच्या भट्टीवर जाऊन उभी राहिली.

मोठी आई म्हणजे तिची थोरली चुलती, मथुराबाई. नवरा गेल्यावर तिनं भट्टी एकटीनं चालवली होती. पत्र्याचं शेड, एक मोठी लोखंडी कढई आणि चार माणसं, एवढाच पसारा. कोंडीराम तात्या दूध आटवायचे. लांब दांड्याचं उलथणं घेऊन ते पहाटेपासून कढईपुढं उभे असत. गेली तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलेलं नव्हतं. सखूबाई वाड्या-वस्त्यांवरून दूध गोळा करून आणायची. शिवशरण मोटारसायकलवर खव्याचे डबे बांधून हायवेला पुण्याच्या ट्रॅव्हल्सवर चढवायचा. आणि महांतप्पा लाकडं फोडून भट्टीत जाळ घालायचे. महांतप्पा बोलत नसत. मुके नव्हते, पण बोलत नसत.

मथुराबाईनं पुतणीचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "इथं काय शिकनार तू? दूध ढवळायचं, खाली लागू द्यायचं न्हाय. झालं."

वैष्णवी म्हणाली की तेवढं पुरेल, फक्त संमतीपत्रावर शिक्का लागेल. शिक्का करायला भूमला गेल्यावर दुकानदारानं उद्योगाचं नाव विचारलं. भट्टीला नाव नव्हतं. लोक तिला 'मथुराबाईची भट्टी' म्हणत, आणि ते शिक्क्यावर बरं दिसेना. वैष्णवीनं दुकानाच्या पायरीवर बसून विचार केला आणि 'मथुरा मिल्क इंडस्ट्रीज' असा शिक्का करून आणला. मथुराबाईनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि हळदीकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवला.

वैष्णवीचे मार्गदर्शक वरद सर होते. मूळचे तुळजापूरचे, चौतिशीचे, शांत स्वभावाचे. विभागात ते नऊ वर्षं शिकवत होते, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जुलैत त्यांना नेमणुकीचं पत्र मिळे आणि एप्रिलअखेर ती नेमणूक आपोआप संपे. मे महिन्यात ते कुणीच नसत. तरी विद्यार्थ्यांचे फोन मात्र घेत. वैष्णवीनं फोन केला तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं की अहवालाचं दुसरं प्रकरण 'संस्थेची रचना' हे असतं, त्यात तक्ता लागतो, तक्त्यात किमान तीन पातळ्या आणि चार विभाग हवेत.

"सर, माणसंच चार आहेत," वैष्णवी म्हणाली.

"मग एकेका विभागाला एकेक. जमतंय की."

तिनं रात्रीचं जेवण व्हायच्या आत तक्ता केला. सगळ्यात वर मथुराबाई, अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक. त्यांच्याखाली कोंडीराम तात्या, जनरल मॅनेजर, खवा विभाग. त्यांच्याखाली एका ओळीत सखूबाई खरेदी व्यवस्थापक आणि शिवशरण विपणन प्रमुख. मनुष्यबळ विकास हा विभाग राहिला होता आणि महांतप्पा राहिले होते, म्हणून ते मनुष्यबळ विकास अधिकारी झाले. तक्ता लावल्याचा फोटो जोडा, असं सरांनी सांगितलं होतं. म्हणून ती दुसऱ्या दिवशी फ्लेक्स छापायला गेली.

फ्लेक्सवाल्याला वाढदिवसाच्या बॅनरची सवय. त्यानं प्रत्येक नावापुढं फोटो मागितला, तो तिनं मोबाईलवरून दिला. त्यानं कडेनं झेंडूचे हार काढले, दोन्ही बाजूंना झेप घेणारे दोन वाघ घातले आणि वर सोनेरी अक्षरांत 'हार्दिक अभिनंदन' छापलं. वैष्णवी म्हणाली की अभिनंदन नको होतं. तो म्हणाला, अभिनंदन फुकट आहे.

फ्लेक्स शेडवर लागला आणि दुपारपर्यंत ईटमध्ये बातमी पोचली की भट्टीवर नेमणुका झाल्या. कुणी केल्या हे कुणी विचारलं नाही. बॅनर लागला म्हणजे झालंच असणार. संध्याकाळी सरपंच चार माणसं घेऊन आले, त्यांनी कोंडीराम तात्यांना शाल, श्रीफळ दिलं आणि गावाला असा माणूस लाभला याबद्दल दोन शब्द बोलले. तात्या कढईपुढनं हलू शकत नव्हते, कारण खवा उतरायला आला होता. त्यांनी ढवळता ढवळताच सत्कार घेतला.

माणसं गेल्यावर तात्यांनी वैष्णवीला जवळ बोलावलं. शाल अंगावरच होती आणि जाळाच्या धगीनं त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. त्यांनी विचारलं की जनरल मॅनेजरचं काम नेमकं काय असतं.

वैष्णवीला आनंद झाला. वर्षभरात तिला हा प्रश्न कुणी मनापासून विचारला नव्हता. तिनं पुस्तकाच्या पहिल्या पानावरची व्याख्या त्यांना समजेल अशी सांगितली. व्यवस्थापन म्हणजे दुसऱ्यांकडून काम करून घेण्याची कला.

"दुसऱ्याकडून," तात्या म्हणाले.

"हो."

"सवताः न्हाय."

"स्वतः केलं तर ते काम झालं, तात्या. व्यवस्थापन नाही."

तात्यांनी मान हलवली, कढई उतरवली, उलथणं धुऊन भिंतीला लावलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते वेळेवर आले. धोतर स्वच्छ, डोक्याला पटका. दुधाचा एक रिकामा कॅन त्यांनी पालथा घातला आणि त्यावर बसले. सखूबाईनं आणलेलं दूध कढईत पडलं, महांतप्पांनी जाळ लावला, दूध तापायला लागलं. तात्या बसूनच. सखूबाईनं उलथण्याकडं पाहिलं आणि आपण खरेदीत आहोत असं म्हणाली. शिवशरण तर जवळही आला नाही. त्यानं खिशाला पेन लावलं होतं. दूध कडेनं वर चढायला लागलं तशी मथुराबाई घरातून धावत आली, पदर खोचला, उलथणं उचललं आणि अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक कढईपुढं उभ्या राहिल्या.

वैष्णवी तात्यांपुढं उकिडवी बसली आणि हा तक्ता नुसता अहवालापुरता आहे, कॉलेजात दाखवायला आहे, असं त्यांना समजावू लागली. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"ताई, तू शिकलेली. तूच लिवलंस, शिक्का मारलास. गावानं शाल दिली. आता खोटं हाय म्हनतीस का?"

तिला खोटं आहे असं म्हणता येईना. म्हटलं तर अहवालही खोटा झाला असता. तिनं वरद सरांना फोन लावला. सर मे महिन्यात असल्यामुळं निवांत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा आवाज एकदम उजळला. हा तर भूमिका-संघर्ष आहे, म्हणाले, चौथ्या प्रकरणाला असं साहित्य सहसा मिळत नाही. यावर उपाय म्हणजे बैठक. विषयपत्रिका काढ, सगळ्यांना बोलाव, इतिवृत्त लिही आणि त्याची प्रत जोड.

म्हणून मंगळवारी सकाळी भट्टीवर बैठक झाली. पाच पालथे कॅन गोल मांडले. विषयपत्रिकेवर एकच विषय होता: कढई कुणी ढवळावी. मथुराबाई अध्यक्षस्थानी असल्यामुळं त्यांना ढवळता येईना, म्हणून तेवढ्यापुरतं दूध मंद जाळावर ठेवलं. शिवशरण म्हणाला की बाजारात भट्टीचं नाव ठेवायचं तर उत्पादनात खंड पडता कामा नये. सखूबाईनं त्याला अनुमोदन दिलं. तात्या म्हणाले की काम करून घ्यायला आपण तयार आहोत, फक्त ज्याच्याकडून करून घ्यायचं तो दाखवा. मग एक समिती नेमावी असं ठरलं आणि समितीचं अध्यक्षपद मनुष्यबळ विकास अधिकाऱ्यांकडं गेलं. सगळ्यांनी महांतप्पांकडं पाहिलं. महांतप्पांनी कढईकडं पाहिलं.

"दूध उतू चाललंय," ते म्हणाले.

वैष्णवीनं ते इतिवृत्तात लिहून घेतलं. लिहून होईपर्यंत अर्धं दूध चुलीत गेलं होतं आणि उरलेलं खाली लागलं होतं. त्या दिवशी ईटहून पुण्याला खवा गेला नाही.

मथुराबाई मात्र चिडली नाही. करपलेली कढई घासता घासता वैष्णवीनंच विषय काढला. आपण सगळं बिघडवलं, फ्लेक्स काढून टाकते, म्हणाली. मथुराबाईनं हातातली राख खाली टाकली.

"काढू नगंस," ती म्हणाली. "तुझा मोठा बाप गेला तवा मला आच किती, ढवळायचं किती, काय ठावं न्हवतं. कोंडीरामानं उभं राहून शिकवलं. तीस वरसं ढवळतोय, पन त्याला बस म्हनून आपन कुनी म्हनलं न्हाय. तुझ्या त्या कागदानं म्हनलं. बसू दे."

त्यानंतर वैष्णवीचं लक्ष जायला लागलं. पटका बांधताना तात्या उजवा हात खांद्याच्या वर नेत नव्हते. मान खाली वाकवून, डाव्या हातानं कसंबसं गुंडाळत होते. आधीही तसंच बांधत असणार. तिला ते या उन्हाळ्यात दिसलं.

मग तिनंच उलथणं हातात घेतलं. उन्हाळ्याचं दूध कमी असतं, त्यामुळं ती आणि मथुराबाई मिळून रेटत होत्या. पहिल्या आठवड्यात हाताला फोड आले, दुसऱ्यात फुटले, तिसऱ्यात कातडी निबर झाली. संध्याकाळी त्याच हातांनी ती अहवाल लिही: 'कर्मचाऱ्यांचं मनोबल उंचावलेलं आढळून आलं.' आणि ते खरंच उंचावलेलं होतं. शिवशरण ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरशी आता अदबीनं बोले. महांतप्पांकडं तर गावातली माणसं तक्रारी घेऊन यायला लागली. सुनेची, भावकीची, बांधाची. ते लाकडं फोडता फोडता ऐकून घेत, काही बोलत नसत आणि माणसं समाधानानं परत जात. असा मनुष्यबळ अधिकारी पुण्याच्या कंपनीतही नसेल, असं सरपंच म्हणाल्याचं तिच्या कानावर आलं.

पंचेचाळीस दिवस संपले. वैष्णवी धाराशिवला परतली आणि भट्टीवर मथुराबाई एकटी राहिली.

हिवाळ्यात विभागाला घोर लागला. फेब्रुवारीत तपासणी समिती यायची होती आणि तिच्या तक्त्यात एक रकाना होता: नोकरी मिळालेले विद्यार्थी. विभागप्रमुख श्रीशैल सरांनी कॅम्पस मुलाखतींसाठी अकरा कंपन्यांना पत्रं धाडली. एका कंपनीनं कॅलेंडर पाठवलं, बाकीच्यांनी तेही नाही. सर जुने अहवाल चाळत बसले असताना त्यांच्या हाती वैष्णवीचा अहवाल लागला. त्यात वाघ असलेला फोटो होता, अध्यक्ष होत्या, जनरल मॅनेजर होते. सरांनी त्याच दिवशी 'आदरणीय महोदय' असं पत्र ईटला पाठवलं आणि मथुरा मिल्क इंडस्ट्रीजनं आमच्या गुणवंत विद्यार्थ्यांना संधी द्यावी, अशी विनंती केली.

वैष्णवीला हे कळलं तेव्हा ती धावत सरांच्या केबिनमध्ये गेली. ती भट्टी आहे, तिथं एकच कढई आहे, असं तिनं स्पष्ट सांगितलं. श्रीशैल सरांनी चष्मा काढला. तुमच्या अहवालाला प्रथम श्रेणीचे गुण मिळालेत, म्हणाले, त्यातला मजकूर खरा नाही असं तुमचं म्हणणं आहे का?

तिथंही तिला तेच कबूल करता येईना.

ईटला पत्र पोचलं तेव्हा हिवाळ्याचं दूध दुपटीनं वाढलं होतं आणि मथुराबाईची कंबर धरली होती. एका माणसाची खरोखरच गरज होती. तात्यांनी शिवशरणकडून पत्र दोनदा वाचून घेतलं. मग ज्याच्याकडून काम करून घ्यायचं तो माणूस सरकारनंच शोधून दिला, असं म्हणाले आणि तयारीला लागले.

ठरल्या दिवशी विद्यापीठाच्या फाटकातून टेम्पो आत आला. पुढं मथुराबाई आणि सत्काराची शाल पांघरलेले तात्या. मागं कढई, दुधाचे चार कॅन, लाकडाचा भारा आणि भाऱ्यावर महांतप्पा. श्रीशैल सर पुष्पगुच्छ घेऊन उभे होते, त्यांनी तो तात्यांना दिला. तात्यांनी तो कढईत ठेवला. संगणक प्रयोगशाळेत मुलाखतींची सोय केली होती, पण तिथं जाळ करता येणार नाही असं निघालं. मग व्हरांड्यासमोर तीन दगडांची चूल मांडली आणि टायची गाठ सारखी करत एक्केचाळीस मुलंमुली रांगेत उभी राहिली. वैष्णवी शेवटून दुसरी होती.

वरद सर हातात हजेरीपट घेऊन देखरेख करत होते. तात्यांनी कुणाला नाव, गाव, गुण विचारले नाहीत. उलथणं पुढं करायचे आणि म्हणायचे, ढवळ. एकानं ढवळण्यापूर्वी स्वतःची ओळख इंग्रजीत करून दिली, तोवर साय करपली. एकीनं ढवळण्याचं उद्दिष्ट काय असं विचारलं. तिघांनी मिळून ढवळण्याच्या पर्यायी पद्धतींवर गटचर्चा केली. तीन-चार जणांनी बरं ढवळलं, पण फोन वाजला की त्यांचा हात थांबे. वैष्णवीची पाळी आली. तिनं सराईतपणे उलथणं तळाला टेकवलं, कडेचं दूध आत ओढलं. मथुराबाई कौतुकानं बघत होती. तात्यांनी दोन फेऱ्या पाहिल्या आणि पुढचा, असं म्हणाले.

ती बाजूला झाली. उन्हाळ्यात ढवळून निबर झालेले हात तिनं ओढणीत गुंडाळले. डोळ्यांत पाणी आलं ते धुरानं, असं तिनं शेजारच्या मैत्रिणीला सांगितलं.

शेवटचा मुलगा उलथणं कसं धरायचं याचा विचार करत असताना दूध खाली लागायला लागलं. वास आला. वरद सरांनी हजेरीपट व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवला, त्या मुलाच्या हातून उलथणं घेतलं आणि ढवळायला सुरुवात केली. त्यांच्या आई, वनमालाबाई, नवरात्रात देवीच्या नैवेद्याला घरीच दूध आटवायच्या आणि लहानपणापासून कढई सांभाळायचं काम सरांकडं असे, हे विभागात कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी बाह्या दुमडल्या. नऊ वर्षं फळ्यासमोर उभं राहून पाठीला जो बाक आला होता तो कढईपुढं चपखल बसला. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. सर कुणाशी बोलले नाहीत. महांतप्पा त्यांच्याकडं बघून जाळ कमी-जास्त करत राहिले. खवा कढई सोडून गोळा व्हायला लागला तेव्हा रांगेतल्या मुलांनी नकळत टाळ्या वाजवल्या.

तात्यांनी चिमूटभर तोंडात टाकला.

"ह्या पोराला घ्या," ते मथुराबाईला म्हणाले.

श्रीशैल सर पुढं झाले आणि हे विद्यार्थी नसून आमचे प्राध्यापक आहेत, असं त्यांनी नम्रपणे लक्षात आणून दिलं. तात्या म्हणाले की असू दे, शिकंल हळूहळू.

सगळे हसले. वरद सर हसले नाहीत. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि मथुराबाईकडं वळून विचारलं, "काम वर्षाचे बारा महिने असतं का?"

मथुराबाईला प्रश्न कळला नाही. "म्हंजी?"

"म्हणजे मे महिन्यात असतं का?"

"मे महिन्यात म्हशी दूध द्यायच्या थांबत्यात व्हय?" ती म्हणाली. "कमी देत्यात. पन देत्यात."

वरद सर श्रीशैल सरांकडं गेले आणि हलक्या आवाजात काही बोलले. वैष्णवीला शब्द ऐकू आले नाहीत, पण त्यांचा चेहरा दिसला. पास झाल्यावर पोरांचा होतो तसा तो झाला होता.

नेमणुकीचं पत्र लागेल असं विभागानं कळवलं. वैष्णवीनं ते व्हरांड्यात बसून लिहिलं आणि मथुराबाईनं पिशवीतून शिक्का काढून मारला. वरद सरांनी विभागातच पीएच.डी.ला नाव नोंदवलेलं होतं, त्यामुळं कागदोपत्री ते विद्यार्थीही होते. तपासणी समितीच्या रकान्यात श्रीशैल सरांनी 'एक' लिहिलं आणि समितीनं त्याबद्दल समाधान व्यक्त केलं. मागच्या वर्षी तिथं शून्य होतं.

टेम्पो निघायच्या आधी वैष्णवीनं तात्यांना गाठलं. आपल्याला का घेतलं नाही, हे तिला विचारायचंच होतं. आपलं ढवळणं चुकलं का, एवढंच तिनं विचारलं.

तात्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेऊन उलटे केले, तळव्यांकडं पाहिलं.

"चुकलं न्हाय, ताई. पन तुला चार मानसं दिसली की तू त्येंना साहेब करतीस. भट्टीवर साहेब लई झाले. ढवळनारा पायजे हाय."

तिला राग आला, पण तो कुणावर काढायचा हे कळेना.

राहिलेले तास वरद सर शनिवार-रविवारी येऊन संपवत होते. त्यांच्या शर्टाला धुराचा आणि आटलेल्या दुधाचा वास येई आणि वर्गात कुणाला झोप येत नसे. उन्हाळ्यात वैष्णवी ईटला गेली तेव्हा मे महिना चालू होता. तिनं शेडच्या दारातूनच पाहिलं. सर कढईपुढं होते. तात्या आता कॅनवर बसलेले नव्हते. सरांच्या डाव्या अंगाला उभे राहून ते सांगत होते: आता तळातून घे, आता आच मोडू दे, महांतप्पा एक लाकूड ओढा, आता थांब. कुठंही आवाज चढत नव्हता. सरांचा हात चुकला की तात्या नुसतं खाकरत. तात्यांनी स्वतः उलथण्याला हात लावला नाही आणि त्या दिवशी जो खवा उतरला तसा तिनं त्या भट्टीवर कधी पाहिला नव्हता. वैष्णवी बराच वेळ दारातच उभी राहिली. दोन वर्षं जे पाठ केलं होतं ते तिला पहिल्यांदाच कुणीतरी करताना दिसत होतं.

निकाल लागला, तिला प्रथम श्रेणी मिळाली. पुण्याला तिनं सहा अर्ज पाठवले. जुलैच्या शेवटी श्रीशैल सरांचा फोन आला. वरद सरांच्या तासिका रिकाम्या पडल्या होत्या, कुणी मिळत नव्हतं आणि पात्रता-परीक्षेचं पुढं बघता येईल असं ते म्हणाले. 'व्यवस्थापनाची तत्त्वे' हा विषय घ्याल का? नेमणूक एप्रिलअखेरपर्यंत. वडील म्हणाले, बघ, शेवटी मास्तरीणच झालीस ना, बी.एड. न करता. ती हो म्हणाली.

पहिल्या तासाला अडतीस मुलं होती. वैष्णवीनं फळ्यावर विषयाचं नाव लिहिलं आणि त्याखाली व्याख्या लिहायला खडू टेकवला. 'दुसऱ्यांकडून' एवढं लिहून ती थांबली. मागं वर्ग वह्या उघडून वाट बघत होता. तिनं डस्टर घेऊन तो शब्द पुसला आणि आधी तुमच्या शंका असतील तर विचारा, असं म्हणाली.

खिडकीजवळची एक मुलगी उठली. परंड्याकडची होती, नवी ओढणी, नवी वही.

"मॅडम, हे केल्यावर नोकरी लागते का?"

वैष्णवीनं खरं तेच सांगायचं ठरवलं.

"लागते," ती म्हणाली. "आमच्या सरांना लागली."

मुलीनं ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.